रॅमच खराब आहे हे घरच्या घरी पक्कं कसं करायचं?

कपाशी
नमस्कार मंडळी. धरणगावहून लिहितोय. हिशेबाचं काम करतो: जिनिंगवाले, काही कृषी केंद्रं, एक पेट्रोल पंप. सगळं घरच्या डेस्कटॉपवर चालतं. टॅली, एक्सेलच्या थोरल्या फाइली, जीएसटी पोर्टल आणि क्रोमचे ढीगभर टॅब.

मशीन असं: रायझन ५ ३६००, बी४५० चा चार स्लॉटचा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम. दिवाळीत आणखी दोन ८-८ टाकल्या. कंपनी वेगळी, पण डब्यावर आकडा तोच, ३२००. हिवाळाभर एक तक्रार नाही. एप्रिल लागला आणि निळा पडदा सुरू. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', कधी ते 'आयआरक्यूएल'वालं लांबलचक नाव. कधी निळा पडदाही येत नाही, नुसता क्रोमचा टॅब मरतो. बहुतेक वेळा दुपारीच. सकाळी चकार शब्द नाही.

दुकानदार म्हणतो विंडोज नवीन मारा. भाचा म्हणतो रॅम गेली. रॅमचे सध्याचे भाव बघता नुसत्या अंदाजावर नवीन घ्यायची हिंमत नाही. म्हणून विचारतो, पक्कं कसं करायचं?

लोडशेडिंग
फॉरमॅट मारा. नाही झालं तर पुन्हा फॉरमॅट मारा. आमच्या पाचोऱ्यात सगळ्या रोगांवर हेच औषध.

वरणबट्टी
@लोडशेडिंग, हसायला ठीक आहे भाऊ, पण कोणी खरंच करेल. रॅमवर संशय असताना विंडोज टाकायचं नसतं. इन्स्टॉल होताना प्रत्येक फाइल रॅममधून जाते. तिथे एक बिट (शून्य किंवा एक असा डेटाचा सर्वांत लहान कण) उलटला की बिघडलेली फाइल डिस्कवर बसते आणि मग रॅम बदलली तरी मशीन लंगडंच चालतं.

कपाशी, आधी डेटा. टॅलीचा बॅकअप आजच्या आज घ्या, पण जुन्या बॅकअपवर चढवू नका. वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्याच्या मशीनवर रिस्टोअर करून उघडतो का ते बघा. मार्चचा जुना बॅकअप असेल तर त्याला हात लावू नका, तो सोन्याचा आहे.

अहिराणी_भो
अठे बी तीच गत शे भो. मन्हा पीसी बी दुपारले झोपस. माले वाटे मालकना गुण लागना.

भर_उन्हाळा
यात पक्कं काय करायचंय? एप्रिल, दुपार, खान्देश. उत्तर प्रश्नातच आहे. भुसावळला दुपारी ४४-४५ होतं, खोलीत पत्र्याखाली आणखी. माणूस क्रॅश होतो तिथे रॅमची काय कथा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, समोर टेबलफॅन लावा, जून येईपर्यंत असंच चालवा. मी दरवर्षी चालवतो.

सिग्नल_अकरा
धुळ्याचा, सध्या पुण्यात, सर्व्हर सांभाळायचं काम.

@भर_उन्हाळा, एवढं सोपं नाही. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमच्या चुकांवर २००९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांवर किमान एक तरी चूक नोंदली गेली होती, म्हणजे लोक समजतात त्यापेक्षा बरीच जास्त. पण तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसला. आणि बऱ्याच चुका वाऱ्यावर आल्या-गेल्या अशा नव्हत्या, रॅममध्येच कायमचा दोष असल्यासारख्या होत्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकायची. त्यामुळे 'उन्हाळा आहे, जाईल' हे मला पटत नाही.

भर_उन्हाळा
गूगलचे सर्व्हर एसीत बसतात हो. धरणगावला आणून ठेवा म्हणावं, मग अभ्यास करा.

सिग्नल_अकरा
एसीत असले तरी लोड वाढला की आतलं तापमान वर-खाली होतंच, तेच त्यांनी मोजलं. बाकी धरणगावचा मुद्दा मान्य :)

तापीकाठ
मी हेच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. भाऊ, घाई करू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. लोक रॅम पुसतात, स्लॉट बदलतात, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डाचं सॉफ्टवेअर) रिसेट करतात, सगळं एका दमात. मग मशीन चालू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि महिन्याने तेच दुखणं परत.

पहिलं म्हणजे 'मेमरी मॅनेजमेंट' लिहून आलं म्हणून रॅमच गेली असं नसतं. ते विंडोजच्या ज्या भागात गडबड सापडली त्याचं नाव. खराब ड्रायव्हरनेही तो पडदा येतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक क्रॅशची छोटी फाइल पडते. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती उघडून दाखवतं. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर आधी तो ड्रायव्हर बघा. दर वेळी नवा कोड आणि नवी फाइल असेल तर हार्डवेअरकडे वळा. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो.

दुसरं, टेस्ट. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' येतं. स्टार्टमध्ये नाव टाइप करा, मशीन रीस्टार्ट होऊन चालू होतं. चालू असताना एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा, नाहीतर वरवर बघून सोडून देतं. निकाल नंतर इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या विंडोजच्या नोंदवहीत सापडतो. त्याने चूक दाखवली तर विषय संपला. नाही दाखवली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण त्याच्या नजरेतून बरंच सुटतं.

खरी टेस्ट म्हणजे मेमटेस्ट८६ प्लस. फुकट आहे. पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच बूट करायचं, विंडोज मध्ये येतच नाही. बूट होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून बूट अडवणारी सोय) तात्पुरतं बंद करा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर रॅमचं दुखणं राहील बाजूला आणि कुलूपच उघडायचं नाही. ३२ जीबीला एक पूर्ण फेरी काही तास खाते. निदान दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. लाल ओळ एक जरी आली तरी नापास. 'लाखात एकच चूक आहे' वगैरे इथे चालत नाही.

आणि सगळे सांगतात रात्रभर टेस्ट लावून झोपा. तुम्ही झोपू नका. तुमचं दुखणं दुपारचं आहे, तर टेस्टही दुपारीच लावा, खोली जशी असते तशीच ठेवून. पहाटे गारव्यात पास झालेली रॅम तुमच्या काय कामाची?

माहेर_चोपडा
तापीकाठ दादा, छान लिहिलंत. माझं सेवा केंद्र आहे, दाखले, पीक विमा, पॅन कार्ड. माझ्याकडे मशीन चालू होताना तीन बीप देऊन अडून बसायचं. तालुक्याला मेकॅनिक यायला वेळ लागतो, म्हणून मीच रॅम काढून खोडरबरने ती सोनेरी पट्टी घासली आणि लावली. अजून सुरळीत आहे. कपाशी भाऊंनी आधी तेच का करू नये?

तापीकाठ
ताई, तुमचा आजार संपर्काचा होता, म्हणून गुण आला. बऱ्याचदा तर नुसतं काढून परत दाबून बसवल्यानेच काम होतं आणि श्रेय खोडरबरला जातं. घासायलाच हवं असेल तर मऊ पांढरं खोडरबर, हलक्या हाताने, आणि चुरा स्लॉटपासून लांब झटकायचा. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, दर सहा महिन्यांनी घासलं तर उडून जातो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं. आणि हो, वायर काढून, पॉवरचं बटण जरा वेळ दाबून धरून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच रॅमला हात लावायचा. सिंथेटिक साडीतला करंट रॅमला पुरतो.

माहेर_चोपडा
मी ड्रेसमध्ये होते दादा :)

लोडशेडिंग
विषय बदलतोय, पण रॅमचे भाव नक्की कशामुळे चढलेत? पुतण्याला कॉलेजसाठी पीसी जुळवून द्यायचाय, दुकानदार रोज नवा आकडा सांगतो.

सिग्नल_अकरा
एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी त्याच मोजक्या कंपन्यांच्या कारखान्यांतून येते, आणि तिथे पैसा जास्त. कारखाने तिकडे वळले, आपल्या वाट्याचा माल कमी झाला. २०२५ संपता संपता भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअल या नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

लोडशेडिंग
म्हणजे कापसाला भाव नाही आणि रॅमला आहे. घ्या.

गिरणामाई
सगळे रॅमच्याच मागे लागलेत, एसएमपीएसचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचं, कोणी बोलत नाही. चाळीसगावला माझ्या दुकानात फोटो-व्हिडिओचं काम चालतं. माझेही क्रॅश दुपारचेच होते. रॅम पास, सगळं पास. शेवटी इलेक्ट्रिशियनने टेस्टर कॅबिनेटच्या स्क्रूला लावला तर दिवा पेटला. अर्थिंग नावालाच होतं, खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. त्यात पाणी सोडलं, मीठ-कोळसा नवा भरला, आणि स्वस्तातला एसएमपीएस काढून बऱ्यातला टाकला. दुपारी सगळीकडे कुलर लागतात, व्होल्टेज पडतं, हलका एसएमपीएस तग धरत नाही. कपाशी दादा, हेही बघा.

तापीकाठ
@गिरणामाई, मुद्दा एकदम बरोबर, मीच लिहायला हवा होता. फरक असा की पॉवरच्या दुखण्यात मशीन बहुतेक एकदम बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं, पडदा वगैरे न दाखवता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' एवढंच सापडतं, आणि ते फक्त 'नीट बंद न करता बंद झालो' एवढंच सांगतं, कारण नाही. कपाशींकडे वेगवेगळे पडदे आणि मरणारे टॅब आहेत, म्हणून माझं बोट आधी रॅमकडे. पण टेस्टर लावून बघायला काही पैसे पडत नाहीत.

कपाशी
सगळ्यांचे आभार. टेस्टर लावला, पेटला नाही. बॅकअप दोन ठिकाणी घेतला, मावसभावाच्या लॅपटॉपवर उघडूनही बघितला.

आता मेमटेस्ट. दुपारी जेवण झाल्यावर लावला, चारही रॅम लावलेल्या. सुरुवातीला हिरवं. पहिली फेरी संपायच्या आत लाल ओळी. म्हणजे भाचा जिंकला? आता चारातली कोणती ते कसं शोधू?

अहिराणी_भो
भाचाले जेवाले बलाव. शेवभाजी कर.

तापीकाठ
थांबा, शेवभाजी इतक्यात नको. जोड्या करून तपासा. आधी फक्त जुन्या दोन, मग फक्त नव्या दोन. दोन पट्ट्या लावताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा, बोर्डवर तिथे ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. जी जोडी नापास होईल तिच्यातली एकेक पट्टी त्याच एका स्लॉटमध्ये लावून बघा. पट्टी बदलली की चूक गेली तर पट्टी खराब. पट्टी कोणतीही असो, एकाच स्लॉटमध्ये चूक येत असेल तर स्लॉट किंवा बोर्ड. पट्ट्यांवर पेनाने १, २, ३, ४ लिहून ठेवा, नाहीतर चौथ्या फेरीला कोणती कुठली ते कोणालाच आठवत नाही.

वरणबट्टी
तोवर एक शंका. एक बिट उलटल्याने हिशेबात खरंच आकडा बदलू शकतो का, की हे नुसतं घाबरवणं आहे?

सिग्नल_अकरा
बदलू शकतो. समजा ५०० हा आकडा साधा पूर्णांक म्हणून रॅममध्ये आहे. त्याचा वरचा एक बिट, ५,२४,२८८ किमतीचा, शून्याचा एक झाला तर ५०० चे ५,२४,७८८ होतात. बहुतेक वेळा असं थेट होत नाही. बिट कुठल्यातरी प्रोग्रामच्या पत्त्यात असतो, तो पत्ता भलतीकडे जातो आणि क्रॅश होतो. क्रॅश झाला तर नशीब समजायचं, निदान कळलं तरी. गुपचूप चुकला तर वाईट. म्हणूनच सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते. दर ६४ बिटांमागे ८ जास्तीचे ठेवून ती एका बिटाची चूक जागेवर दुरुस्त करते. घरच्या मशीनला ती चैन नसते.

लोडशेडिंग
५०० चे सव्वापाच लाख? माझ्या खात्यात उलटवा ना एक बिट.

कपाशी
मंडळी, चक्रावलोय. जुनी जोडी एकटी: दुपारभर हिरवी. नवी जोडी एकटी: तीही हिरवी. परत चारही लावल्या: लाल. स्लॉट उलटसुलट करून पाहिले, तसंच. सगळ्या चांगल्या आणि एकत्र आल्या की खराब, हे काय गौडबंगाल?

भर_उन्हाळा
भाऊबंदकी.

तापीकाठ
आता खरं कळलं. तुमच्या बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची तयार प्रोफाइल) चालू असणार. डब्यावरचा ३२०० हा त्या प्रोफाइलचा आकडा असतो. ती पट्टी त्या वेगाने चालते हे कंपनीने तपासलं, पण दोन पट्ट्यांच्या किटमध्ये. दुसऱ्या कंपनीच्या आणखी दोन शेजारी बसतील हे कोणी तपासलेलं नसतं.

आणि रॅमचा ताबा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडे असतो. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने अधिकृत वेग दिलेत: दोन पट्ट्या असतील तर ३२००, चार असतील तर सिंगल रँकला २९३३ आणि ड्युअल रँकला २६६६ (रँक म्हणजे पट्टीवरच्या चिपांचा गट). तुम्ही चार पट्ट्या ३२०० ला पळवताय. एकाच जुवाला नवी-जुनी दोन जोड्या जुंपल्या तर त्या चालतील, पण शंकरपटाच्या वेगाने नाही.

बायोसमध्ये जाऊन चारही पट्ट्या ठेवून वेग २६६६ करा. बोर्डाचं बायोस फार जुनं असेल तर अपडेट करा, रायझनच्या बोर्डांत रॅम जुळवून घेण्यात त्याने बराच फरक पडलाय. पण ते लाईट जाण्याची वेळ टाळून आणि यूपीएसवरच. बायोस अर्ध्यात अडकलं तर बोर्डच गेला समजा. मग परत दुपारी टेस्ट.

गिरणामाई
पण मग हिवाळ्यात चार महिने नीट कसं चाललं?

सिग्नल_अकरा
काठावर चालत होतं. डीरॅमचा, म्हणजे या पट्ट्यांवरच्या चिपांचा, प्रत्येक बिट म्हणजे एक बारीक कपॅसिटर, त्यातला चार्ज गळत राहतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांत एकदा सगळ्या ओळी पुन्हा भरून घेतल्या जातात. गरम झालं की गळती वाढते, ८५ अंशांच्या पुढे तर हा रिफ्रेश दुप्पट करावा लागतो. धडधाकट जुळणीत मधे भरपूर जागा सोडलेली असते, म्हणून उन्हाळ्याचं काही वाटत नाही. गूगलच्या अभ्यासात तापमान फारसं दिसलं नाही ते त्यामुळेच असावं, असं माझं मत. इथे ती जागा चार पट्ट्या आणि ३२०० ने आधीच खाऊन टाकली होती.

भर_उन्हाळा
म्हणजे उन्हाळाच ना शेवटी? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मोठे मोठे अभ्यास घेऊन आले.

सिग्नल_अकरा
उन्हाने ढकललं, पण कड्यावर नेऊन उभं कोणी केलं? टेबलफॅन लावून तुम्ही जूनपर्यंत ढकललं असतं आणि पुढच्या एप्रिलला परत धागा काढला असता.

अहिराणी_भो
दोन्ही जिंकनात. आते भरीत पार्टी लावा, पण हिवायामा. आते वांगं बी क्रॅश व्हस.

कपाशी
२६६६ केलं. भर दुपारी लावलेली टेस्ट रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत चालू ठेवली, एकही लाल ओळ नाही. त्यानंतर रोजचं काम चालू आहे, निळा पडदा दिसला नाही. वेग कमी केल्याने टॅलीत-एक्सेलमध्ये काही फरक जाणवत नाही.

आता दुकानदाराशी वाद. 'दोन्ही चांगल्या आहेत म्हणजे वॉरंटीत बसत नाही' असं तो म्हणतो. मी म्हणतो तुला बोर्ड माहीत होता, प्रोसेसर माहीत होता, तरी वेगळ्या कंपनीची जोडी का दिलीस?

वरणबट्टी
वॉरंटीच्या बाबतीत तो बरोबर आहे. चांगल्या रॅमवर दहा वर्षांची किंवा लाइफटाइम वॉरंटी असते, पण ती पट्टी खराब निघाली तर. जुळत नाही याला कोणी बदलून देत नाही. तुमचाही राग बरोबर आहे, विकताना सांगायला हवं होतं. पण आता सोडा. २६६६ वर चालतंय ना?

तापीकाठ
मी असतो तर भांडलो नसतो. १६ जीबीत भागत असेल तर नवी जोडी काढून विकून टाका, आजच्या भावात घेतल्यापेक्षा जास्त येतील.

लोडशेडिंग
पुतण्यासाठी मी घेतो! व्यनि केलाय.

माहेर_चोपडा
माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डवरच चिकटवलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा. त्यात दुसऱ्या कंपनीची टाकली तर हेच रामायण होईल का?

तापीकाठ
ताई, शक्यता कमी. लॅपटॉपमध्ये साधारण ठरलेल्याच वेगाने चालवतात, दोघांत जी हळू तिच्या वेगाने दोन्ही जातात. मात्र डीडीआर४ की डीडीआर५ ते नीट बघून घ्या, एकाची खाच दुसऱ्याला बसत नाही. टाकल्यावर दुपारी टेस्ट लावायला विसरू नका. एक लक्षात ठेवा, बोर्डवर चिकटवलेली रॅमच पुढे नापास झाली तर ती घरी काढता येत नाही, बोर्डाचंच काम निघतं.

कपाशी
रॅम विकत नाही रे @लोडशेडिंग, एक्सेलला ३२ लागते. एक शेवटचा प्रश्न. एप्रिलमध्ये जे काही सेव्ह झालं त्याचं काय? त्यात एखादा आकडा उलटला असेल तर?

वरणबट्टी
विंडोजच्या फाइलींसाठी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवा, बिघडलेल्या सिस्टिम फाइली बदलून घेईल. टॅलीप्राइमच्या डेटा मेनूत रिपेअर आहे, पण आधी बॅकअप. त्याने फाइल दुरुस्त होते, आकडा बरोबर की चूक ते त्याला कळत नाही. त्यासाठी जे तुमच्या मशीनवर तयार झालंच नाही त्याच्याशी ताडून बघा. बँकेचं स्टेटमेंट बँकेकडून नव्याने उतरवा, खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या तक्त्याशी लावा, आणि मार्चअखेरच्या शिलका जुन्या बॅकअपमधून जुळवा. एप्रिलपुरतंच करायचंय.

कपाशी
बसलोय तेच घेऊन. पंपाचं पैशापैशाला लागलं. कृषी केंद्रांचंही लागलं. जिनिंगचं बाकी आहे, तिथे बाराशे रुपयांचा फरक दिसतोय, पण तो रॅमचा नसावा, त्यांच्या मुनीमजींचा दर महिन्याला असतोच.